दोन ठोके पडेपर्यंत

१

आमच्या झघर्त्यात उन्हाळा लागला की गाव रिकामं होतं. ज्याची त्याची आई, सासू, मावशी डोंगरावर एहदेन गावच्या घरी जाऊन बसते आणि खाली नोकरीधंद्याला अडकलेल्या माणसांना दर रविवारी जेवायला वर जावं लागतं. बदवी शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी सासूकडे जेवायचा. यातलं दुसरं काम तो जास्त मन लावून करायचा, कारण त्यासाठी घाट चढावा लागे, आणि घाट चढायला त्याच्याकडे ती गाडी होती.

दोनच माणसं मावतील अशी, छत मागे पडणारी, हिरवी जपानी स्पोर्ट्स कार. गिअर हातानं टाकायचे, इंजिनाचा आवाज कानाला गोड, आणि वय झालं असलं तरी वळणावर अजून रस्त्याला धरून चालणारी. तिच्यात एकच खोट होती, असं बदवीचं म्हणणं. क्लचचं पेडल मुकं झालं होतं. दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर यायचं, पण क्लच नेमका कुठे धरतो ते तळव्याला सांगायचं नाही. मग चढावर गाडी बंद पडायची, नाहीतर बेडकासारखी उडी मारायची, आणि मागचा ट्रकवाला बदवीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

"पेडल मुकं नाही, तुझा पाय बहिरा झालाय," त्याची बायको विदाद म्हणायची.

तिचं खोटं नव्हतं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बदवीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून डाव्या पायाला घोट्याखाली फारसं काही कळत नव्हतं. आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्या, असं डॉक्टरनं सांगितलं. बदवीनं मान डोलावली, घरी आला आणि क्लचची नवी नळी मागवली.

शेवटी विदादनंच अट घातली. "ऑगस्टात मरियममातेचा सण आहे ना, त्या रविवारी मला वर न्यायचं आणि खाली आणायचं. एकदा जरी गाडी बंद पडली, एकदा जरी उडी मारली, की चावी सरकीसला द्यायची. कबूल?"

सरकीस तिचा भाऊ. त्याचा त्या गाडीवर केव्हापासून डोळा होता.

"कबूल," बदवी म्हणाला. दुसरं काय म्हणणार? शस्त्रक्रियेनंतर लोक त्याला जिना चढताना हात द्यायला लागले होते. शाळेतला शिपाई त्याची पिशवी उचलायचा. त्याला ते आवडायचं नाही, अगदी रडू यायचं कधी कधी. त्या गाडीत बसला की मात्र त्याला कुणी हात देत नव्हतं. ती गेली असती तर तो नुसता आजारी माणूस उरला असता.

२

तन्नूसचं गॅरेज वीज विकणाऱ्याच्या जनरेटरला लागून होतं. जनरेटर चालू असला की तिथे स्वतःचा विचारसुद्धा ऐकू यायचा नाही.

तन्नूसनं काम मात्र नेटकं केलं. पेडल दाबलं की तेल नळीतून खाली जातं आणि खालचा लहान सिलिंडर क्लच ढकलतो. मधे रबरी नळी होती, ती फुगायची. तिच्या जागी पोलादी विणीची नळी बसवली. तेलाला रोखून धरणारी एक बारीक झडप होती, नवशिक्याचा पाय घसरला तरी गाडीला धक्का बसू नये म्हणून घातलेली. ती काढून टाकली. पेडलचं झिजलेलं बुश बदललं, वर नवं रबर चढवलं. आता नळीतली हवा काढायची राहिली होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक गाडीखाली.

"उस्ताद, वर बसा आणि डोकं बाजूला ठेवा," तन्नूस बदवीच्या कानाशी ओरडला; आमच्याकडे मास्तरला उस्तादच म्हणतात. "ह्याला डोकं लागत नाही, पाय लागतो. एक ठोका म्हणजे दाबायचं आणि धरून ठेवायचं. दोन ठोके म्हणजे सोडायचं. दोन ठोके पडेपर्यंत पाय उचलायचा नाही. मी खाली हवा सोडायचं निपल उघडं टाकलेलं असतं. आधी उचललात की हवा आत शिरली आणि सगळी मेहनत पाण्यात."

"आणि शिंक आली तर?"

"शिंका की. पाय तिथंच."

"आणि विदादचा फोन आला तर?"

"वहिनींना सांगा, दोन ठोके पडू देत, मग बोलतो."

तन्नूस पुठ्ठा टाकून गाडीखाली सरकला. पान्याचा ठोका बदवीच्या टाचेखाली पत्र्यावर पडला. ठण्. त्यानं दाबलं. ठण् ठण्. त्यानं सोडलं. जरा वेळानं त्याला कंटाळा येण्याऐवजी मजाच वाटायला लागली. कुणीतरी सांगतंय, आपण ऐकतोय, आणि काही ठरवायचं नाही.

मग जनरेटर एकदम थांबला. "सरकार आलं!" असं कोणीतरी गल्लीत ओरडलं, सरकारी वीज आली की आमच्याकडे असंच ओरडतात. एवढी शांतता पसरली की समोरच्या तुतीवरच्या चिमण्या ऐकू आल्या.

"आता बोल की, मुअल्लिम," कारागिराला म्हणतात तसं बदवी म्हणाला. "ऐकू येतंय आता."

उत्तरादाखल एक ठोका पडला.

बदवीनं दाबलं. खाली नळीत तेल सरकल्याचा आवाज आला. दोन ठोके. सोडलं. पुन्हा एक. पुन्हा दोन. ठोका जरा बदलल्यासारखा वाटला त्याला. पाना वाजला की ठण्ण होतं. हा आवाज बोटाच्या सांध्यानं दार वाजवावं तसा होता. पाना ठेवला असेल खाली, बदवीनं मनाशी म्हटलं, हात तेलकट झाला असेल.

"उस्ताद, कॉफीत साखर किती?"

आवाज रस्त्याच्या बाजूनं आला होता. तन्नूस नळापाशी उभा राहून साबणानं हात धूत होता.

"तू खाली नाहीस?"

"खाली कशाला असेन? निपल केव्हाच बंद केलं. ‘झालं’ म्हणून ओरडलो की, ऐकलं नाहीत?"

"मग ठोके कोण मारत होतं?"

तन्नूस हात पुसत आला, वाकून बघितलं. पुठ्ठा, तेलाचं भांडं, पाना. "लोखंड गार होताना वाजतं कधी कधी," तो म्हणाला. गाडी सकाळपासून चालूच केली नव्हती. ते दोघांनाही माहीत होतं.

"बरं, पेडल कसं आहे ते सांगा."

बदवीनं पेडल दाबलं, आणि ठोक्यांचं तो विसरूनच गेला.

३

काय सांगावं त्या पेडलचं! पहिल्या दिवशी तो समुद्रापर्यंत जाऊन आला, उगीचच. क्लच धरायला लागतो ती जागा आता केसाएवढी बारीक आणि स्वच्छ कळत होती. तेवढंच असतं तर नळीचं श्रेय नळीला देऊन तो गप्प बसला असता. पण त्याला डाव्या पायाची बोटं कळत होती. प्रत्येक बोट वेगळं. रबराची उभी रेघ अन् रेघ कळत होती, रबराचा गारवाही. पायात चामड्याचा बूट होता, मोजा होता, तरी गारवा कळत होता. बदवीनं बेत्रूनच्या रस्त्यावर गाडी चालवता चालवता डोळे पुसले.

चालवताना पायाकडे कोणी बघत नाही. त्यानंही बघितलं नाही.

घरी येऊन त्यानं विदादला सांगितलं, "पाय परत येतोय माझा. डॉक्टरला काय कळतंय!"

जेवताना तिनं टेबलाखाली हात घातला. बदवी तोंडल्याएवढ्या काकड्यांचं लोणचं, त्रिपोलीचा बाजार, शाळेचा नवा मुख्याध्यापक असं काहीबाही बोलत राहिला. बऱ्याच वेळानं ती उठली आणि त्याला दिसलं की तिच्या बोटांतून पाणी ठिबकतंय.

"काय करत होतीस?"

"बर्फाचा खडा होता," ती म्हणाली. "तुझ्या डाव्या पायाच्या बोटांवर धरला होता. विरघळला पार."

बदवीनं खाली बघितलं. पाय ओला होता, बोटं लालबुंद झाली होती. त्यानं अंगठा चिमटीत धरून पिळला. दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा पिळल्यासारखं वाटलं.

"मग गाडीत कसं कळतं मला?" त्यानं विचारलं.

"तेच मी तुला विचारतेय."

"जोर लावला की नसा जाग्या होत असतील. पेडलला जोर लागतो. बर्फाला काय जोर आहे?"

हे त्याचं त्यालाच पटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला सुचायला नकोच होतं.

४

सणाच्या आधी त्यानं गाडी धुवायला काढली. दार उघडून पायाखालची चटई झटकायला वाकला, तर क्लचच्या नव्या रबरावर धूळ बसलेली दिसली. रोज वापरातल्या पेडलवर धूळ कशी बसेल? आणि धुळीच्या वरच्या कडेला ओळीनं लहान लहान गोल डाग होते, स्वच्छ पुसल्यासारखे. एक मोठा, मग चार उतरत्या मापाचे.

बदवीनं बूट काढून आपला पाय शेजारी धरला. त्याची बोटं फारच मोठी होती.

मांजर असेल, त्यानं ठरवलं. शेजारच्यांचं मांजर छत उघडं दिसलं की आत झोपतं. मांजराला पाच बोटं ओळीनं नसतात हे भूगोलाच्या मास्तरलाही माहीत असतं. त्यानं रुमालानं रबर पुसून टाकलं आणि रुमाल कचऱ्यात टाकला. नवा रुमाल होता.

त्याच दुपारी तन्नूसनं बोलावलं. तेल एकदा बघून देतो म्हणाला. गाडी ठोकळ्यांवर चढवली, बदवी केस कापायला गेला, आणि परत आला तर तन्नूस गॅरेजच्या बाहेर खुर्ची टाकून बसला होता. तो कधी बाहेर बसत नसे.

"उस्ताद, मी जुनी नळी परत लावून देतो."

"डोकं फिरलंय का तुझं? एवढं छान झालंय पेडल."

"छान झालंय, नाही कोण म्हणतंय." तन्नूसनं सिगारेट पेटवली, ती उलटी होती, थुंकून परत पेटवली. "मी खाली होतो. एकटाच. निपल उघडलं होतं, नुसतं काय ठिबकतंय ते बघायला. पाना हातातून निसटला आणि पत्र्यावर आपटला. एकदा."

"बरं मग?"

"तेल उडालं. जोरात, माझ्या तोंडावर. पेडल दाबल्याशिवाय तेल असं उडत नाही, उस्ताद. आणि उडून थांबलं नाही नुसतं, दाब धरून होतं. मी डोकं बाहेर काढून बघितलं तर सीटवर कोणी नाही."

"हवा असेल नळीत."

"असेल," तन्नूस म्हणाला. "मी तसाच पडून होतो बराच वेळ. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, दोनदा ठोकलं. तेव्हा सुटलं ते."

दोघंही हसले. हसणं कोणाचंच धड नव्हतं.

"ही गाडी आधी होती कोणाची?" तन्नूसनं विचारलं.

"जूनियेच्या एका दातांच्या डॉक्टरची. ठणठणीत आहे तो. परवा एका लग्नात भेटला, माझ्या ताटातलं मटण खाऊन गेला."

"मग काही नाही," तन्नूस म्हणाला, आणि चावी त्याच्या हातात देताना हात जरा लांबूनच पुढे केला.

बदवीला भीती वाटली का? वाटली. पण जुनी नळी लावली असती तर बोटं परत मेली असती. त्यानं चावी घेतली.

५

सणाच्या रविवारी विदाद नटूनथटून शेजारी बसली, आईसाठी घेतलेली मिठाई मांडीवर धरली आणि म्हणाली, "चला, दाखवा तुमची कमाल."

आणि बदवीनं दाखवली. घाटभर गाडी एकदाही बंद पडली नाही, एकदाही उडी नाही. चढावर ट्रकमागे थांबून परत निघताना विदादच्या मांडीवरचा खोका हललासुद्धा नाही. शेवटी तीच म्हणाली, "मानलं बाबा. अर्धी पैज जिंकलास." तिच्या आवाजात थोडं कौतुक होतं, आणि त्याचं बदवीला फार फार बरं वाटलं.

सासूचं घर एहदेनच्या उतारावर. बदवीनं गाडी खिडकीखालच्या खडीवर लावली, पहिल्या गिअरमध्ये ठेवून, कारण हँडब्रेक थोडा सैल होता. गिअरमध्ये असली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

जेवण जोरात झालं. चरबी भरलेले खिम्याचे किब्बे, मुळ्याची पानं, वर अराकची दारू. सासूनं बदवीच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, "खा रे, पायात ताकद येईल." सरकीसनं लगेच संधी साधली. "खाऊ दे त्याला, आई. उतरताना गाडी ढकलायला लागेल."

"ढकलायची वेळ तुझ्या गाडीवर येते," बदवी म्हणाला. "माझं पेडल नवं झालंय. तन्नूसनं आणि मी मिळून हवा काढली. कशी काढतात माहितीये? बोलून नाही. ठोके मारून." अराकनं जीभ सैल झाली होती. त्यानं चमचा उलटा धरला. "एक ठोका पडला," आणि त्यानं टेबलावर एकदा ठोकलं, "की दाबायचं. आणि धरून ठेवायचं. आभाळ कोसळलं तरी."

"आणि सोडायचं कधी, पुढच्या सणाला?" सरकीस म्हणाला. सगळे हसले.

खिडकीखाली खडी करकरली. सासू उठून बघायला गेली आणि ओरडली, "अरे गाडी! गाडी चालली!"

हिरवी गाडी आपोआप उताराला लागली होती. हळूहळू, मागे मागे, खालच्या भिंतीकडे. सरकीस दाराकडे धावला. बदवीला जागचं हलता येईना. त्याच्या हातातला चमचा आपोआप टेबलावर आपटला, दोनदा.

गाडीनं गचका खाल्ला आणि जागच्या जागी थांबली.

"गिअरमध्ये ठेवली नव्हतीस ना?" सरकीस खालून ओरडला. मग त्यानं दारातून हात घालून दांडा हलवून बघितला. "आहे की रे गिअरमध्ये. मग सरकली कशी?"

सगळे जण सैल हँडब्रेकबद्दल बोलायला लागले. विदादनं मात्र आधी चमच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग नवऱ्याकडे.

६

"आपण सरकीसच्या गाडीतून जाऊ," निघताना ती म्हणाली.

"म्हणजे मी हरलो?"

"हरला नाहीस रे. मला नको वाटतंय."

"उतरायचंच तर राहिलंय, विदाद. एवढं एकदा." त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की ती बसली. नंतर किती तरी वेळा तिनं स्वतःला त्यासाठी शिव्या दिल्या.

ऊन अजून चांगलं होतं. सफरचंदाच्या बागा मागे पडल्या, घाटाची वळणं सुरू झाली. बदवी तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होता, इंजिन गाडीला मागे ओढून धरत होतं, ब्रेकला फारसं काम नव्हतं. बोटांना रबराचा गारवा लागत होता. त्याला वाटलं, कसली भीती घेऊन बसलो होतो आपण?

टाचेखाली पत्र्यावर एक ठोका पडला.

खडा उडाला असेल, असं म्हणायला त्याला वेळच मिळाला नाही. तळव्याखालचं पेडल तळाला गेलं होतं. इंजिनाचा आवाज खाली आला आणि गाडी मोकळी सुटली.

"काय झालं?" विदाद म्हणाली.

"काही नाही." त्यानं ब्रेक दाबला. वळण घेतलं, पुन्हा ब्रेक, पुन्हा वळण. गाडी जड नव्हती, पण उतार थांबत नव्हता. पुढल्या वळणाला जळका वास आला. त्याच्या पुढल्या वळणाला ब्रेकचं पेडल मऊ पडलं, लोण्यात पाय घातल्यासारखं.

"क्लच सोड, बदवी. इंजिनावर घे!"

"थांब."

"थांब काय थांब! पाय उचल!"

"दोन ठोके पडले नाहीत अजून," बदवी म्हणाला. अगदी समजावणीच्या सुरात, वर्गात म्हणावं तसं. आपण काय बोललो ते त्यालाही कळलं, पण बोटं पेडलवर घट्ट होती, त्याला ती कळत होती, आणि उचलायचं कसं तेच त्याला आठवेना.

विदादनं हँडब्रेक ओढला. तो नुसताच वर आला. मग तिनं पट्टा सोडला, त्याच्या मांडीवरून खाली वाकली आणि त्याचा डावा पाय दोन्ही हातांनी धरायला गेली. क्षणभर ती तशीच थबकलेली त्याला जाणवली. मग तिनं हाताची मूठ केली आणि अंगठीनं पत्र्यावर ठोकलं. एकदा. दोनदा.

पेडल वर आलं. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, विदादचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. वेग तुटला. बदवीनं रस्त्याकडेच्या कठड्याला गाडी घासली, ती खरवडत खरवडत गेली आणि बंद पडून थांबली.

दोघं बदवीच्या बाजूच्या दारानं बाहेर पडले आणि मागे कठड्याशी येऊन उभे राहिले. विदादच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं.

"बरं झालं तू ठोकलंस," तो म्हणाला. "माझा पाय उचलतच नव्हता गं. देवाशपथ, उचलतच नव्हता."

विदादनं त्याच्याकडे बघितलं.

"तुझा पाय पेडलवर नव्हता, बदवी."

"काय बोलतेस?"

"मी हातात धरला होता. दाराशी पडला होता तो, चटईवर, आडवा. पेडल शेजारी दाबलेलं होतं."

"मग तू ठोकलंस ते—"

"दुसरं काय करणार होते मी?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

बदवीनं खाली बघितलं. डावा बूट खडीवर होता. खडी लागत नव्हती. पण बोटांना रबराचा गारवा लागत होता, इथे, रस्त्यावर, गाडीपासून लांब उभं राहून. प्रत्येक बोट वेगळं कळत होतं.

गाडीचं दार उघडंच होतं. आत एक ठोका पडला.

दोघांनी बघितलं. क्लचचं पेडल सावकाश खाली गेलं आणि तळाला जाऊन टेकलं. त्याच्यावर काही होतं का? विदाद आजही त्याबद्दल बोलत नाही. बदवीला काहीतरी दिसलं असावं, कारण त्यानं मान फिरवली.

गाडी हलली. पुढे कठडा संपत होता आणि त्यानंतर नुसती दरी होती, खाली ना घर ना बाग.

विदादनं डोळे पुसले. शेजारी कठड्यावर लोखंडी पाइप बसवलेला होता. तिनं अंगठीचा हात त्याच्यावर धरला आणि नवऱ्याकडे बघितलं. हीच बाई कित्येक महिने ती गाडी जावी म्हणून भांडत होती.

"ठोकू?" तिनं विचारलं.

दोन ठोके, बस्स. गाडी थांबली असती. विदादनं पैजेचं नाव काढलं नसतं, गाडी त्याचीच राहिली असती, आणि बोटंही.

"नको," बदवी म्हणाला.

गाडी कठड्याच्या टोकापर्यंत गेली, जरा वाकडी झाली आणि दिसेनाशी झाली. आवाज बऱ्याच वेळानं आला आणि बराच वेळ येत राहिला. मग घाट शांत झाला.

विदादनं त्याच्या दंडाला धरलं. या खेपेस त्यानं तिचा हात झटकला नाही. ते दोघं उताराला लागले, तो डावा पाय ओढत, ती त्याला सांभाळत. वळणावर आल्यावर ती म्हणाली, "सुटलो एकदाचे."

बदवीनं मान डोलावली. तिला काय सांगणार? तळव्याखालचं रबर अजून होतं. गार होतं, तळाशी दाबून धरलेलं होतं, आणि दोन ठोके पडायचे होते.